रिकाम्या हातानं चालायचं

तो विळा कौसल्येच्या हातात मी दिला. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात काही बिघडलं की ते कुणी बिघडवलं हे शोधण्यातच निम्मा दिवस जातो, तेवढ्यात ते दुरुस्त करून झालं असतं. शोधू नका, मीच बिघडवलं. मी म्हणजे द्वारका, घरातली थोरली सून, आणि कौसल्या माझी धाकटी जाऊ.

कळसला आमचं शेत आहे. ऊस आहे, चार गाई आहेत आणि कामाला हात कधीच पुरत नाहीत. अशा घरात पाच वर्षांपूर्वी कौसल्येचं अंग दुखायला लागलं. मान, खांदे, कंबर, मांड्या, तळहातसुद्धा. कुठं दुखतं असं विचारलं की ती म्हणायची, "कुठं दुखत न्हाय ते सांगू का आक्का?" सकाळी उठायची ती कुणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखी. बरं, अंगावर खूण नाही, सूज नाही, ताप नाही. रक्त तपासलं, फोटो काढले, सोलापूरला नेलं, पुण्याला नेलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ निघतो, बाई ढोंग करते.

मीही तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू? तिच्या वाटणीच्या भाकरी मी थापत होते, तिच्या वाटणीचं शेण मी काढत होते, चारही गाईंची वैरण मी एकटी आणत होते. मी तिला अंगचोर म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून नक्की. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "आमच्या टायमाला न्हवती बाई असली दुखनी. दुखायला येळच न्हवता."

शेवटी बारामतीच्या एका दवाखान्यात डॉक्टरनं त्या दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. मानसिंगभावजींनी, म्हणजे कौसल्येच्या नवऱ्यानं, ते कागदावर लिहून आणलं आणि घरात चौघांनी ते चार तऱ्हांनी वाचलं. दुखण्याला नाव मिळालं म्हणून आठ दिवस कौसल्येला मान मिळाला. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तोंड सुजलं, दिवसाढवळ्या झोप यायला लागली. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या डोळा लागला आणि सगळं दूध उतू गेलं. डॉक्टरनं गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, आणि मग बंदच केल्या. म्हणाला, "आता गोळ्यांच्या मागं लागू नका. व्यायाम, चालणं, झोपेची शिस्त, यानं जो फरक पडेल तो पडेल. दर गुरुवारी आमच्या हॉलमध्ये बायकांचा गट असतो. बारा आठवडे या."

घरी हे ऐकून आत्या म्हणाल्या, "औशिद न्हाय म्हंजी आजार बी न्हाय."

कौसल्येला एकटीला एसटीत चढवत नव्हतं, म्हणून सोबतीला मी. मला तिची दया आली म्हणून नव्हे हं. म्हटलं, गुरुवारचं शेण तरी चुकलं.

हॉलमध्ये दहा-अकरा बायका होत्या. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मणक्याचं चित्र. शिकवणारी दिशा म्हणून इंदापूरची मुलगी होती, असेल पंचवीस-सव्वीसची. काडीसारखी अंगकाठी, पण आवाज खणखणीत. मी मनात म्हटलं, हिनं उभ्या जन्मात पाटीभर शेण उचललं नसेल, ही काय आम्हाला व्यायाम शिकवणार. पण ती पहिल्याच दिवशी जे बोलली ते मला अजून पाठ आहे.

"तुमच्या अंगातली दुखण्याची बेल अडकून बसली आहे," ती म्हणाली. "दारात कुणी नसलं तरी ती वाजते. तपासणारे दार उघडून बघतात, म्हणतात, कुणीच नाही. बरोबर आहे त्यांचं. पण बेल खरंच वाजते आहे ना? ती तुम्हाला खरंच ऐकू येते आहे ना?"

कौसल्या रडायला लागली. तिच्या पलीकडची बाई रडायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला पाच वर्षांतलं माझं सगळं बोलणं एकदम आठवलं आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना.

दिशानं गोड गोड थापा मारल्या नाहीत. ती म्हणाली, "पूर्ण जाणार नाही. दहातलं दोन-तीन कमी होईल. झोप सुधारेल, थोडी कामं जमायला लागतील. आणि करत राहिलात तरच टिकेल. सोडलंत की परत येईल." मग तिनं दोन नियम सांगितले. एक, रोज चालायचं. सुरुवातीला दहा मिनिटं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. हात सैल सोडून, हातात काही न घेता. दुसरा नियम, दुखायच्या आधी बसायचं. दहा मिनिटं काम केलं की पाच मिनिटं बसायचं. बरं वाटत असलं तरी बसायचं. ज्या दिवशी फार बरं वाटेल त्या दिवशी तर न चुकता बसायचं.

दुखायच्या आधी बसायचं! आमच्या घरात माणूस पडल्यावर बसतं.

मग तिनं एकेकीला जवळ बोलावून विचारलं, "तुम्हाला असं कोणतं एक काम जमायला हवं आहे, जे आता जमत नाही?" कुणी म्हणाली भाकरी, कुणी म्हणाली जिना. कौसल्या काय सांगणार ते मला माहीत होतं. वैरण नाहीतर शेण, जेणेकरून घरातली बोलणी थांबतील. ती म्हणाली, "आईला एकदा न्हाऊ घालायचंय."

तिची आई रंगूबाई कळंबला. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. कौसल्या दोन वर्षं माहेरी गेली नव्हती. एसटीचे धक्के खाल्ले की चार दिवस अंथरुणात जात. भावजय वाईट नाही, पण तिला घाई. ती दोन तांबे अंगावर ओतते आणि झालं म्हणते. म्हातारीला लहानपणापासून शिकेकाईनं सावकाश केस धुवायची सवय. फोनवर ती कौसल्येला म्हणायची, "डोकं खाजतंय गं माजं. तू आली की धुशील." जसं काही कौसल्या शेजारच्या गल्लीत राहते.

दिशानं कागदावर लिहिलं, आईला न्हाऊ घालणे. पुढं आजचा आकडा टाकला, दहापैकी शून्य. म्हणाली, "बाराव्या आठवड्यात परत विचारेन." आणि पोरीचं डोकं बघा, तिनं त्यातूनच व्यायाम काढला. न्हाऊ घालायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं पाटावर बसता आलं पाहिजे, तांब्या खांद्याच्या वर नेता आला पाहिजे, बोटांनी डोकं चोळता आलं पाहिजे, आणि तिथवर एसटीनं जाता आलं पाहिजे. पुढच्या गुरुवारी तिनं घरून पितळी तांब्या आणला. आधी रिकामा तांब्या पाच वेळा वर न्यायचा. मग दहा वेळा. मग पाव तांब्या पाणी घालून.

पहिले तीन आठवडे कौसल्येचं दुखणं वाढलंच. मी म्हटलं, हे काय, आगीतून फुफाट्यात. पण ती चिकाटीची. रोज संध्याकाळी चारीच्या, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटाच्या, कडेच्या रस्त्यानं घड्याळ लावून चालायची. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "आक्का, काल मला झोप लागली." लोक मुलगा झाल्याची बातमी सांगतात तसा तिचा चेहरा होता. सहाव्या आठवड्यात तिनं स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला. सातव्या आठवड्यात अर्धा तांब्या पाणी वीस वेळा डोक्यावर नेलं आणि हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते. दिशानं कॅलेंडर बघून दहाव्या आठवड्यानंतरचा रविवार ठरवला. कौसल्येनं त्या दिवशी हॉलमधूनच कळंबला फोन लावला. "आई, माजा हात आला. म्हैन्याभरात येते. शिकेकाई कुटून ठेव."

आणि इथंच माझी अक्कल आडवी आली.

आमच्याकडे बाई रस्त्याला दिसली की तिच्या हातात काहीतरी असतं. घागर, डबा, विळा, कडेवर पोर, नाहीतर हळदीकुंकवाचं ताट. रिकाम्या हाताची बाई एक तर भांडून निघालेली असते, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं असतं. कौसल्या रोज संध्याकाळी हात हलवत जाते आणि हात हलवत परत येते, हे सगळ्या वस्तीला दिसत होतं. एक म्हणाली, "पुढारी झाली काय तुमची जाऊ?" दुसरीनं आत्यांना विचारलं, घरात सगळं बरं आहे ना. झालं. त्या रात्री आत्यांनी ताटावरून तोंड सोडलं. "गावभर मोकळी हिंडती. घरात काय काम उरलं न्हाय का? उद्यापास्नं न्हाय जायाचं."

कौसल्येचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हिचं चालणं बंद झालं की सगळंच मातीत. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या हातात विळा दिला आणि दोरी तिच्या खांद्यावर टाकली.

"ह्यो घे," मी म्हणाले, "कापू नगंस. नुसता हातात धर. मग कुनी काय म्हननार न्हाय."

ती हसली. "मॅडम म्हनल्या, हात सैल सोडायचे."

"मॅडमला काय जातंय म्हनायला? मॅडम कळसात ऱ्हात न्हाय."

खरंच कुणी काही म्हणालं नाही. विळा हातात असलेली बाई कुणाला दिसतच नाही. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. साप मेला आणि काठीही मोडली नाही, असं मला वाटलं.

पण पावसाळ्याचे दिवस, चारीच्या कडेनं गुडघाभर गवत. हातात विळा, समोर गवत, आणि बाई शेतकऱ्याघरची. दोन दिवसांनी ती मूठभर गवत घेऊन आली. म्हणाली, "हात गेला आपसूक." गाईनं खाल्लं. आत्यांनी ओट्यावरून बघितलं. पुढच्या दिवशी त्या म्हणाल्या, "जातीच हायेस तर पेंढी तरी आन." पेंढीचा आठ दिवसांत भारा झाला.

भारा डोक्यावर घेऊन ती दारात आली तेव्हा मी काय केलं? मी पुढं होऊन भारा उतरवून घेतला आणि गप्प बसले. कारण वैरण हे माझं काम होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मला संध्याकाळी ओट्यावर तासभर बसायला मिळत होतं. मी चहा प्यायचे, शेजारणीशी गप्पा मारायचे. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! एकदा मनात आलं होतं, सांगावं, आत्या, हा व्यायाम आहे, हे काम नाही. पण चहा गरम होता. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

वर मी तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मला मिरवायचं होतं, कारण बारामतीला नेलं होतं मी. जेवताना मी सगळ्यांपुढं म्हणाले, "बगितलं का भावजी? कौसल्या आता चांगली झाली की. भारा आनती."

दिशानं दोन-तीन कमी होईल म्हणून सांगितलं होतं. मी दहाच्या दहा करून टाकले.

मानसिंगभावजी माणूस वाईट नाही. आनंदानं त्यांनी हात जोडले. "गुन आला बगा बारामतीचा. पाच वरसं वाया घालवली गोळ्यांपायी." आणि त्याच आनंदात दुसऱ्या सकाळपासून डेअरीला दूध घालायची किटलीही तिच्याकडे दिली. घरातल्या कुणीही तिला छळलं नाही, हे मी शपथेवर सांगते. सगळे खूशच होते. बरी झाली, बरी झाली म्हणत एकेकानं तिच्यावर एकेक काम ठेवलं, देवापुढं फूल ठेवावं तसं.

नवव्या आठवड्यात उसाची लागण, म्हणजे लावणी, आली. बेण्याच्या कांड्या तोडून पडलेल्या, सऱ्यांत पाणी सोडलेलं आणि ठरलेल्या बायकांपैकी तिघी आल्याच नाहीत. भावजी म्हणाले, "कौसल्या, दोन दिस चल." तिनं माझ्याकडे बघितलं. रविवार दोन आठवड्यांवर होता. मी म्हणाले, "जा, पर नियम पाळ. दहा मिन्टं झाली की बस." जसं काही मीच दिशा.

तिनं पाळला. दहा मिनिटांनी ती चिखलातून वर आली आणि बांधावर बसली. बाकीच्या बायका कांड्या दाबत होत्या. एकीनं मान वर करून विचारलं, "काय गं, आत्ताच तर आलो. काय झालं?"

"काय न्हाय," कौसल्या म्हणाली.

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग बसलीस कशाला?"

सगळ्या हसल्या. भावजीही हसले, कुजकट नव्हे, सहज हसले. दुखत नाही म्हणून बसले, असं सांगून कुणाला पटणार होतं? मलाही पटायला पाच आठवडे आणि एक शिकलेली पोरगी लागली होती. कौसल्या उठली आणि सरीत उतरली. त्यानंतर दोन दिवसांत ती एकदाही बसली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. अंगावर चादर टाकली तरी ओरडायची. मी पाणी पाजायला मान उचलली तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं, इतकं की नखं रुतली. गुरुवारचं बारामतीला जाणं चुकलं. दिशाचा फोन आला तेव्हा कौसल्येनं मला खुणेनं सांगितलं, सांगू नका. मी म्हणाले, "पावनं आलेत घरी, पुढच्या गुरवारी येतो." पुढच्या गुरुवारी मी म्हणाले, गौरीगणपतीची गडबड आहे. खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी नंतर तिला विचारलं, खरं का सांगू दिलं नाहीस? ती म्हणाली, "काय सांगू? मॅडम, तुमी सांगितलं तेवढं बी पाळलं न्हाय म्हनून? त्या पोरीनं घरनं तांब्या आनला व्हता आक्का."

ठरलेला रविवार आला आणि गेला. रंगूबाईंचा फोन आला. कौसल्येला फोन धरवत नव्हता, म्हणून मी तिच्या कानाशी धरला. म्हातारीचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. "शिकेकाई कुटून ठेवलीय. कवा येती?"

"पुढच्या रैवारी येते आई."

"हात आला न्हवं तुजा?"

"आला की."

"मग ये. घाई न्हाय. माजं डोकं काय पळून जात न्हाय."

पुढचा रविवारही गेला. मंगळवारी दुपारी कौसल्येच्या भावाचा फोन आला. म्हातारी जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

भावजींनी गाडी मागून आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला कौसल्या डोळे मिटून घ्यायची, पण तोंडातून आवाज नाही. कळंबला पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. चुलवणावर पाणी तापत होतं. लुगड्यांचा आडोसा धरला होता आणि आत पाटावर, भिंतीला टेकवून, रंगूबाईंना बसवलं होतं. दोघी बायकांनी त्यांना दोन्हीकडून धरलं होतं. बाईच्या मयताला बायकाच आंघोळ घालतात, आणि लेक आली असली तर पहिला तांब्या लेकीचा.

भावजय आतून एक वाटी घेऊन आली. "तुमच्यासाटी म्हनून कुटली व्हती त्यांनी," ती म्हणाली. "मी धुते म्हनलं तर न्हाय म्हनल्या. लेक येनार हाय म्हनल्या."

कौसल्या पाटासमोर खाली बसली. ते बसणं तिला कसं जमलं देव जाणे. तिनं बादलीत तांब्या बुडवला, भरला आणि उचलला. गुडघ्यापर्यंत आला. छातीपर्यंत आला. त्याच्या वर जाईना. पाणी तिच्याच मांडीवर सांडलं. तिनं परत भरला. परत तेवढाच आला. बायका बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "दुख्खानं हात चालंना बिचारीचा." मला ओरडून सांगावंसं वाटलं, दुःखानं नाही गं बायांनो, हा हात चालत होता. या हातानं अर्धा तांब्या पाणी वीस वेळा डोक्यावर नेलं होतं. आम्ही याचा भारा केला, किटली केली, उसाच्या कांड्या केल्या.

मी पुढं झाले. तिच्या मागं जाऊन बसले, माझा हात तिच्या कोपराखाली घातला आणि वर ढकलला. दोघींनी मिळून तो तांब्या म्हातारीच्या डोक्यावर ओतला. मग दुसरा, मग तिसरा. शिकेकाई तिनं स्वतः लावली. बोटं वळत नव्हती, तळहातांनीच चोळत राहिली. पांढरे विरळ केस, त्यात दोन वर्षांची खाज. फार वेळ चोळत होती. शेवटी पुरुष बाहेरून म्हणाले, उरका आता, आणि भावजयीनं भराभर दोन तांबे ओतले.

दहावा करून आम्ही कळसला परत आलो. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दिशाचा फोन आला. कौसल्या ओट्यावर बसली होती, मी शेजारी शेंगा फोडत होते. आता तिला फोन धरता येत होता. तिनं स्पीकर लावला, कारण कानाशी हात फार वेळ ठेवता येत नाही.

"कौसल्याकाकू, तुम्ही येतच नाही!" दिशा म्हणाली. "आपले बारा आठवडे संपले. मला तुमचा कागद पूर्ण करायचा आहे. एकच प्रश्न आहे. आईला न्हाऊ घालायचं होतं ना तुम्हाला? जमलं का?"

कौसल्येनं माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "घातलं."

"खरंच? स्वतः? कळंबला जाऊन?"

"व्हय. शिकेकाई लावून घातलं."

"काकू!" पोरीचा आवाज असा फुलला की अंगणातल्या कोंबड्या दचकल्या. "मला माहीत होतं! मग किती देऊ? पहिल्या दिवशी शून्य होतं. आता दहापैकी किती?"

"धा द्या."

"दहा! आमच्या गटात कुणाचेच दहा नाहीत. मग आई काय म्हणाल्या?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता हिचा बांध फुटेल. आता तरी सांगेल.

"काय न्हाय म्हनली," कौसल्या म्हणाली. "गप बसून व्हती."

"बरं वाटलं असेल त्यांना. आता चालणं सोडू नका हं काकू. आणि दुखायच्या आधी बसायचं."

"व्हय मॅडम."

फोन बंद झाला. मी म्हणाले, "अगं, सांगायचं की तिला. ती काय परकी हाय?"

"सांगून काय व्हनार आक्का? तिचा उपाय खरा व्हता. हितं चालला न्हाय, त्याला ती काय करनार? एकीचं तरी मन राखलं."

मला रडू आलं. मी उठले, खुंटीचा विळा काढला आणि माझ्या कमरेला खोचला. म्हणाले, "आजपास्नं वैरन मी आननार. तू सांच्याला चालायला जा. रिकाम्या हातानं जा. कोन काय म्हनतंय ते मी बगते."

"कुठं जाऊ?" ती म्हणाली.

मला वाटलं, तिनं ऐकलं नाही. "चारीनं. रोज जायचीस तशी."

"तवा कळंबला जायाचं व्हतं म्हनून चालत व्हते," ती म्हणाली.

आतून आत्यांनी हाक मारली, वैरण कोण आणतंय म्हणून. कौसल्येनं हात पुढं केला आणि माझ्या कमरेचा विळा काढून घेतला. मी धरून ठेवायला हवा होता. मी धरला नाही. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि दोरी शोधायला गोठ्यात गेली.